अडलेला उखाणा

"दारी बांधलं तोरण, खिरीत केशर, सून आली रेवा, तिचे सासरे…" आशालता थांबली. झारा कढईवर तसाच धरून तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"कमलाकर!" कमलाकर म्हणाले. "अगं, किती सोपं यमक. केशर, कमलाकर."

"इथेच अडतं बघा मेलं."

"जन्मभर नुसतं 'अहो, अहो' केल्यावर दुसरं काय होणार?"

आशालता हसली आणि शंकरपाळे उलटू लागली.

मुलाचं, निनादचं लग्न रविवारी होतं. रेवाकडची माणसं पुण्याची, बोलायला चटपटीत. भर कार्यालयात वरमाईला नाव घ्यायला लावणार, व्हिडिओवाला तोंडावर दिवा धरणार, आणि तिथे ही अडली तर? त्या विचाराने कमलाकरांना घास गोड लागत नव्हता. लोक हसले तर हिला हसतील. तेवढं त्यांना नको होतं.

"मला हल्ली काही आठवत नाही, चला ना माझ्यासोबत," असं म्हणून तीच त्यांना डॉक्टर टिपणिसांकडे घेऊन गेली होती. डॉक्टरांनी आधी कमलाकरांनाच प्रश्न विचारले. तुलनेसाठी असतं तसं, आशालता म्हणाली. आज वार कोणता? "रिटायर्ड माणसाला सगळे वार सारखेच," कमलाकर म्हणाले. तुमचं नाव? त्यांनी हसून बायकोकडे बोट केलं. "पेशंट ही आहे. तिला विचारा."

मग डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून समजावलं. नवी गोष्ट मेंदूत रुजते ती जागा आधी झिजते. जुनं बरंच टिकतं. तालात, यमकात बसवलेलं त्याहून टिकतं. "रोज विचारत राहायचं. लगेच उत्तर द्यायचं नाही, आठवू द्यायचं. आणि हसतखेळत हं, परीक्षा घेतल्यासारखं नको."

तेव्हापासून आशालताने भंडावून सोडलं होतं. अहो, आज वार कोणता? रेवाच्या आईचं नाव काय हो? सकाळी आपण भाजी कुठली आणली? कमलाकर कधी कॅलेंडर बघून, कधी पिशवीत डोकावून उत्तर देत. पनवेलच्या पोस्टात त्यांनी उभा जन्म काढला होता. कोणत्या आळीत कोण राहायचं, कुणाकडे मनिऑर्डर यायची, सगळं पाठ. अशा माणसाची बायको इतकी विसरभोळी व्हावी!

गोळीचंही तेच. "मला एकटीला जात नाही. तुम्ही घ्याल तर मी घेईन." मग कमलाकर तिच्यासाठी एक गोळी गिळत. ती पाठमोरी होऊन आपली घेई, आणि कटकन आवाज येई.

"गोळी चावू नये गं!"

"बरं, उद्यापासून नाही चावत."

शुक्रवारी बाजारातून येताना रिक्षा पोस्टाच्या जुन्या क्वार्टर्ससमोर थांबली. तिथून त्यांनी बिऱ्हाड हलवलं त्याला कितीतरी वर्षं झाली होती.

"इथे कशाला आणलंस रे?" कमलाकर रिक्षावाल्यावर खेकसले.

"काका, तुमीच बोललात ना?"

"मीच बोलले असेन हो," आशालता घाईने म्हणाली. "माझ्या डोक्याचं हे असं."

घरी येऊन तिने पुन्हा उखाणा सुरू केला, पुन्हा तिथेच अडली. या वेळी कमलाकरही नुसते पाहत राहिले. "मी सांगणारच नाही," ते शेवटी म्हणाले. "तूच आठव."

ती रागावली नाही. तिने परत तोरणापासून सुरुवात केली.

रविवारी अक्षता पडल्या आणि पुण्याच्या बायकांनी गलका केला. "विहीणबाई, नाव घ्या! नुसतं हसून चालायचं नाही!"

दिवा लागला. आशालता पदर सावरून उभी राहिली. "दारी बांधलं तोरण, खिरीत केशर, सून आली रेवा, तिचे सासरे…"

ती थांबली.

कुणीतरी खुसखुसलं. आशालता नवऱ्याकडे पाहत होती, अगदी शांतपणे. कमलाकरांच्या कपाळावर घाम आला. ओठ हलले, पण शब्द फुटेना. केशर… केशर…

"कमलाकर!" ते ओरडले. "कमलाकर, कमलाकर!"

हास्याचा स्फोट झाला. "अहो, व्याह्यांनीच स्वतःचं नाव घेतलं!" रेवा डोळे पुसत हसत होती. निनाद टाळ्या वाजवत होता. बायकोची लाज राखल्याच्या आनंदात कमलाकर भेटेल त्याला पेढा भरवत सुटले.

पंगतीच्या गडबडीत डॉक्टर टिपणीस आशालतापाशी आले. कमलाकर लांब व्याह्यांना रंगवून सांगत होते, बायकोला सांभाळणं म्हणजे काय असतं ते.

"काकू," डॉक्टर हळूच म्हणाले, "माझ्याकडे आले त्या दिवशी काकांना स्वतःचं नाव सांगता आलं नव्हतं."

"आज केवढ्यानं सांगितलं, ऐकलंत ना?" आशालता म्हणाली. पदराची गाठ सोडून तिने आपली गोळी तोंडात टाकली, कटकन चावली आणि एक डॉक्टरांच्या हातावर ठेवली. खडीसाखर होती.