खडूची रेघ

"मिस्त्री, बाबांच्या गाडीलाही माझ्यासारखाच एलईडी टाका."

आले चिरंजीव! गेल्याच आठवड्यात यांनी आपल्या गाडीच्या जुन्या हॅलोजन दिव्याला 'कंदील' म्हणून हिणवत तो काढायला लावला होता. एलईडी बसवल्यावर मी म्हणालो, "आता गाडीवर बस. भिंतीवर खडूची रेघ आहे, दिव्याचा प्रकाश तिच्या खाली आणतो." पण साहेबांना दहा मिनिटं वेळ नव्हता. दिव्याचे फोटो काढायला मात्र होता.

"बाबांना कशाला एलईडी?"

"काल संध्याकाळी पडले ना! हात मोडला. म्हणाले, समोरच्या लाइटनं डोळे दिपले, रस्ताच दिसेना. लोकांना अक्कल नाही हो, मिस्त्री. वाट्टेल तसले दिवे लावून फिरतात."

"नाहीच अक्कल लोकांना. मग उचललं कोणी?"

"मीच की! नशीब, समोरून मीच येत होतो. रस्त्यावर दुसरं चिटपाखरूही नव्हतं..."

बोलता बोलता त्याची नजर स्वतःच्या गाडीच्या दिव्यावर गेली.

मी त्याची गाडी भिंतीसमोर लावली. आज सांगावं लागलं नाही, आपणहून बसला. दिवा लावला, तसा पांढराफटक झोत रेघेच्या चांगला दोन वीत वर पडला. मी त्या उजेडात भिंतीवर तळहात टेकवला.

"गाडीवर बसल्यावर तुझ्या बाबांचे डोळे इथे येतात."

त्यानं दिवा बंद केला.

"मिस्त्री, तो माझा कंदील... फेकला तर नाहीत ना?"