जसंच्या तसं

"आज शब्द साखरेत घोळू नकोस," छावणीच्या फाटकातून आत येताना दादा म्हणाला. "मी बोलेन ते साहेबाच्या कानावर जसंच्या तसं गेलं पाहिजे."

दुभाष्याने मान डोलावली. दादा त्याचा सख्खा थोरला भाऊ, खाणीतल्या मजुरांचा पुढारी. बाहेर सगळी वस्ती रस्त्यावर बसून होती, बायकासुद्धा.

वस्तीची विहीर सरकारने छावणीच्या कुंपणात घेतली. तेव्हापासून छावणीचे घोडे विहिरीचं पाणी पीत होते आणि माणसं डबक्याचं. तक्रार घेऊन लोक कितीदा तरी आले. दर वेळी दुभाष्याने दोन्हीकडचं तिखट काढून टाकलं. मजुरांच्या शिव्या आत जाईपर्यंत विनंती व्हायच्या. साहेबाचं "हाकला यांना" बाहेर येताना "साहेबांनी मनावर घेतलंय" व्हायचं. डोकी फुटण्यापेक्षा हे बरं, असं त्याला वाटे. त्यात आपली नोकरीही टिकते, हे मात्र तो स्वतःशीसुद्धा बोलत नसे.

मग त्या डबक्याच्या पाण्यापायी दादाची मुलगी गेली. काकाच्या खांद्यावर बसून गावभर फिरायची ती. तिला पोचवून आल्यापासून दुभाष्याला घास गिळवत नव्हता.

साहेबासमोर दादा शांतपणे बोलला. "पोरं मरतायत. आज विहीर उघडा, नाहीतर आम्ही फाटक तोडू. गोळ्या घाला, पण तोडू."

दुभाष्याने सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

साहेबाचा चेहरा पडला. "मरतायत? तू तर म्हणायचास, यांचं भागतंय! वरचे साहेब यायचेत, दंगा झाला तर माझी धडगत नाही. उघडा विहीर. आत्ताच्या आत्ता!"

दुभाष्याच्या मनात आलं, एवढंच सांगायचं होतं? पुतणी डोळ्यांपुढे आली आणि त्याला रडू फुटलं.

"दादा, साहेब हो म्हणाले! विहीर उघडतायत. तुझी शपथ!"

दादाने त्याचे ओले डोळे पाहिले. रागावला नाही. लहानपणी तो पडल्यावर फिरवायचा, तसा त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "पुन्हा साखरच. तुझा तरी काय इलाज, धाकट्या," एवढंच म्हणाला आणि बाहेर पडला.

फाटकाशी शिपाई बंदुका भरून उभे होते. त्यांच्यामधून वाट काढत दादा लोकांपुढे जाऊन थांबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "साहेब नाही म्हणाले!"