निघण्याआधी
नवऱ्याचा चाळिसावा दिवस उरकला आणि धाकटा दीर मुन्झर दमास्कसहून लताकियाला येऊन ठेपला. "वहिनी, दादाच गेला, आता तुमचं इथं कोण? रशियाला परत जा," म्हणत त्यानं लिदिया नवरी होऊन आली तेव्हाची बॅग माळ्यावरून काढून भरलीसुद्धा. घराला गिऱ्हाईक आधीच पाहून ठेवलं होतं. लिदियानं हुज्जत घातली नाही. "भावजी, आम्हा रशियन लोकांत प्रवासाआधी सगळ्यांनी घडीभर गप्प बसायचं असतं. मगच निघायचं." "तुमची एकेक थेरं! बसतो बाई!" मुन्झर बॅगेवरच टेकला. ती नवऱ्याच्या आरामखुर्चीत बसली. त्या खुर्चीत आजवर दुसरं कुणी बसलं नव्हतं. थोड्या वेळानं मुन्झर उठला. "झालं ना? चला, गाडी खाली उभी आहे." लिदिया खुर्चीत आणखी रेलली. "झालं. निघा आता, भावजी. दमास्कस लांब आहे. पोहोचलात की फोन करा."