खोल्यांची ओळ

ढाक्यातल्या त्या गल्लीवर मी अकरा वर्षं संशोधन करत होते. सगळी माणसं एकाच गावची, पण त्यांच्या खोल्या याच क्रमाने का, ते काही केल्या उलगडेना. त्या सकाळी उलगडलं, आणि मी वह्यांसकट गल्लीतल्या कोहिनूर खालाकडे पळत सुटले. ती दारातल्या चुलीवर तांदळाचे 'पिठे', म्हणजे तिकडची धिरडी, करत बसली होती.

"खाला, सापडलं! मेघना नदीने गावातली घरं ज्या क्रमाने गिळली, त्याच क्रमाने इथे खोल्या आहेत. पहिलं घर तुझं गेलं, म्हणून तुझी खोली पहिली!"

"हे कळायला अकरा वर्षं? एवढी मोठी प्रोफेसर तू! नुसती कोण कुणाचा कोण, तेवढंच विचारत बसलीस."

मला हसू आवरेना. सगळं चोख जुळत होतं. फक्त शेवटची, कोऱ्या पत्र्याची खोली राहिली होती. तिला कुलूप होतं.

"ती कुणाची गं?"

"माझ्या धाकट्या भावाची."

मी घाईघाईने पेन उघडलं. "त्याचं घर कधी गेलं?"

खालाने चुलीत काटकी सारली.

"अजून उभं आहे. काल नदी अंगणात आली."