फुसका बार

पोलिसांच्या नेमबाजी निवडचाचणीतली चौथी गोळी नुसतीच ‘फुस्स’ झाली. शिपाई इंदुमतीच्या मनगटाला झटका बसला नाही, लक्ष्यावर भोकही पडलं नाही. मागे पाळीची वाट पाहणारा हवालदार खिदळला, “मॅडम, फुसका बार! दुसरी हाणा, घड्याळ पळतंय.”

थांबली तर जिल्ह्याच्या संघातली जागा जाणार. गोळी नळीतच अडकली असेल अन् दुसरी झाडली, तर पिस्तूल हातातच फुटणार. झाडता येईना, खाली ठेवता येईना, वळून हवालदाराला सुनावताही येईना. अखेर तिनं चापावरचं बोट काढलं आणि नळी लक्ष्याकडेच रोखून डावा हात वर केला.

चाचणी घेणाऱ्या उस्तादांनी येऊन पिस्तूल रिकामं करून नळीत गज सारला. तो मध्येच अडला.

“वाचलीस, पोरी. संघ मात्र गेला.”

पुढचा नंबर हवालदाराचा होता, गोळ्या त्याच खोक्यातल्या. त्याला एकाएकी पाठदुखी आठवली.