ठरलेली खूण

घाटातला पाठलाग सुरू झाला आणि थिएटर गप्प झालं. पडद्यावर स्कूटरवरून पळणारी बाई माझी बायको होती आणि मागे लागलेला ट्रक मी चालवत होतो. स्टंटवाले परवडत नव्हते.

तिने हात वर केला की मी ब्रेक मारायचा, असं आमचं ठरलेलं. शेवटच्या शॉटआधी दिग्दर्शक म्हणाला, "भाऊ, आता वहिनी हात वर करतील तो अभिनय आहे. थांबू नका. त्यांना माहीत आहे."

पडद्यावर स्कूटर घसरू लागली. तिने हात वर केला, वळून माझ्याकडे बघितलं. मी थांबलो नाही. ती जागीच गेली.

शिट्ट्या वाजल्या. माझ्या मागच्याच रांगेत दिग्दर्शक निर्मात्याला म्हणाला, "बाईला सांगितलंच नव्हतं. म्हणून तर चेहरा असा आलाय."