एक अक्षर जास्त

"आज तिचा एक जरी शब्द दुरुस्त केलास ना, तर कोकराची मांडी ताटात पडायच्या आत पोरगी परत गेली असेल," जिल्बेर म्हणाला.

"'गेली असेल'. वा, काळ अगदी चोख वापरलास," मारी-जो म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

जिल्बेरनं कपाळावर हात मारला. "झालं! पाहुणे यायच्या आधीच सुरू!"

"तुला म्हटलं. तिला नाही म्हणणार. शप्पथ!"

ईस्टरचा रविवार होता. ओव्हनमध्ये कोकराची मांडी शिजत होती आणि लुदिव्हीन तीन वर्षांनी घरी येणार होती. मारी-जो सकाळपासून खिडकी ते ओव्हन, ओव्हन ते खिडकी अशा येरझारा घालत होती. तिला हसू आवरत नव्हतं आणि भीतीही वाटत होती.

भीती स्वतःचीच. जन्मभर तिनं गावातल्या शाळेत फ्रेंच शिकवलं होतं आणि सगळ्या व्याकरणात तिचा जीव एकाच काळावर: पुढे घडायची गोष्ट, पण दुसरी कुठली तरी घडायच्या आत आटोपलेली. 'जेवली असेन', 'पोचलो असू'. या काळाला दोन मदतनीस क्रियापदं. खाणं, बघणं, काढणं यांना 'आव्हवार'. जाणं, येणं, पोचणं यांना 'एत्र'. आणि 'एत्र' आलं की कर्त्याप्रमाणे मूळ क्रियापदाचं शेपूट बदलायचं: बाई असली की शेवटी एक अक्षर जास्त, पण बायकांत एक जरी पुरुष आला की ते गळतं. कानाला काही कळत नाही, फरक दिसतो तो फक्त कागदावर. अर्धा फ्रान्स इथं घसरतो आणि मारी-जोला ते सहन होत नाही.

तीन वर्षांपूर्वी मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालं. पहाटे लुदिव्हीन चिठ्ठी ठेवून गेली: तू उठशील तोवर मी निघून गेले असेन. चिठ्ठीत तिनं शेवटचं एक अक्षर खाल्लं होतं. मारी-जोनं लाल पेनानं ते घातलं आणि चिठ्ठी ग्रनोब्ल शहरातल्या तिच्या पत्त्यावर परत पाठवली. रागात नव्हे हो, सवयीनं! पण पोरीनं त्यानंतर आईला फोन म्हणून केला नाही.

आणि गेल्या आठवड्यात अचानक फोन आला. "आई, ईस्टरला येते. कामीयला घेऊन येते."

"कोण कामीय?"

"आम्ही एकत्र राहतो, आई. लग्नाचं चाललंय." मग जरा थांबून म्हणाली, "बाकी भेटल्यावर."

मारी-जोनं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातच गिरकी घेतली. जावई येणार! ती लगेच बाजारात गेली आणि मोठ्या मापाच्या सपाता घेऊन आली. जिल्बेरनं माळ्यावरून मासेमारीचा दुसरा गळ काढून पुसून ठेवला.

"लष्करात आमच्या तुकडीत एक कामीय होता," तो म्हणाला. "खांदे असे, दारात मावायचे नाहीत."

"माझ्या प्रत्येक वर्गात कामीय नावाचं कुणी ना कुणी असायचंच. अभ्यासात बरी असतात या नावाची मुलं."

आता साडेबारा वाजून गेले होते. रस्ता रिकामाच होता.

"पेट्रोलला थांबले असतील," जिल्बेर म्हणाला.

"हाही तोच काळ, बरं का. अंदाज करायलाही चालतो."

"मारी-जो!"

"तुला सांगतेय रे!"

तेवढ्यात फोन वाजला. लुदिव्हीनचा संदेश होता. मारी-जोनं चष्मा चढवला आणि मोठ्यानं वाचलं, "'तू मांडी ओव्हनमधून बाहेर काढली असशील, तोवर आम्ही पोचलो असू.'"

तिचे डोळे भरून आले. "बघ, बघ जिल्बेर! 'काढणं'ला आव्हवार, 'पोचणं'ला एत्र! एकाच वाक्यात दोन्ही! माझी गुणाची पोर ती! मुद्दाम माझ्यासाठी लिहिलंय."

आणि मग तिचा चेहरा बदलला. तिनं फोन नाकाजवळ नेला.

"काय झालं?"

"एक अक्षर जास्त आहे."

"असू दे."

"तेव्हा एक खाल्लं, आता एक जास्त घातलं!"

"मारी-जो, तो फोन खाली ठेव. हात जोडतो तुला."

ती फोन खाली ठेवणार होती. खरंच ठेवणार होती. पण तिच्या बोटांना ते कुणी सांगितलं नव्हतं. तिनं लिहिलं, 'शेवटी एक अक्षर जास्त पडलंय. कामीय तुझ्याबरोबर आहे, हे विसरलीस वाटतं?' आणि पाठवलंही.

जिल्बेर मटकन खुर्चीत बसला. "संपलं. आता गाडी वळली असेल ग्रनोब्लकडे."

या खेपेला मारी-जोनं काळाचं कौतुक केलं नाही. तीन वर्षं वाट पाहिली आणि एका अक्षरापायी सगळं मातीत घातलं. आपल्या हाताला कुलूप का नसतं, असं तिला झालं.

फोन पुन्हा वाजला. 'नाही विसरले,' एवढंच.

"नाही विसरले म्हणे!" मारी-जो रडवेली झाली. "मग ते अक्षर कशाला?"

ओव्हनची घंटी वाजली. तिनं मांडी बाहेर काढली, भांडं ओट्यावर ठेवलं आणि त्याच क्षणी बाहेर गाडी थांबली. दारं धाडधाड लागली. हातातलं फडकं तसंच घेऊन मारी-जो धावली. एक शब्द बोलणार नाही, वाटलं तर पोरीनं सगळी बाराखडी उलटी लिहावी, असं स्वतःला बजावत तिनं दार उघडलं.

पायरीवर लुदिव्हीन उभी होती, श्वास रोखून. तिचा हात घट्ट धरून शेजारी उभं असलेलं माणूस म्हणालं, "नमस्कार मॅडम, मी कामीय." आणि घाबरून आपल्या झग्याची चुणी सारखी केली.

मारी-जोनं एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. मग हातातलं फडकं उंच उडवून ती घरात ओरडली, "जिल्बेर! अरे, पोरीनं बरोबर लिहिलं होतं! स्त्रीलिंग, अनेकवचन!"